निसर्गचित्रांची सूक्ष्म कुट्टिमे : प्रतिकृतीच्या व्याकरणाचा एक प्रश्न

अजिंठ्याच्या घळीतून बाहेर पडलेली वाघूर नदी डोंगर उतरून पहूरवरून पुढे तापीकडे जाते. पाचोरा–जामनेर ह्या अरुंदमापी लोहमार्गाने पहूर स्थानकावर यावे आणि तेथून फर्दापूरमार्गे लेणी गाठावीत, असा प्रवाशांचा एके काळी परिपाठ होता. ह्या भागाचा अजिंठ्याशी असलेला संबंध मात्र केवळ वाटेचा नाही. भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे जे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले, त्यांच्याशीही खानदेश बांधलेला आहे. १८४४ मध्ये ह्या कामावर नेमला गेलेला मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याचे दफन भुसावळ येथे झाले. त्याने वर्षानुवर्षे खपून तैलरंगात केलेल्या प्रतींपैकी बहुतेक प्रती १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळील सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत तेच काम नव्याने केले. साउथ केन्सिंग्टनला पाठविलेल्या त्यांच्या पटांपैकीही पुष्कळ पट १८८५ च्या आगीत नष्ट झाले. झिजत चाललेली मूळ भिंत उभी, आणि तिच्या रक्षणार्थ केलेली प्रत भस्मसात, असा विपरीत योग दोनदा आला.

जे पट वाचले ते साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे १८९९ पासून व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात आहेत. त्याच संग्रहालयात २००८ मध्ये सर आर्थर गिल्बर्ट ह्यांचा विख्यात संग्रह आला. त्यात पेट्यांच्या झाकणांवर, पदकांवर आणि लहान फलकांवर काचेच्या अतिसूक्ष्म खड्यांनी घडविलेली चित्रे आहेत, आणि त्यांतील कित्येक निसर्गदृश्यांची आहेत. ह्या कलेला 'मायक्रोमोझेक' हे नाव गिल्बर्ट ह्यांनीच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केले. एकीकडे आगीत जळू शकणारे तैलपट, दुसरीकडे आगीतूनच जन्मलेली काच. दोहोंचा हेतू दुसऱ्याचे चित्र पुन्हा उभे करण्याचा. ह्या शेजारामुळे एक प्रश्न विचारण्यासारखा होतो. एका माध्यमातील चित्र दुसऱ्या माध्यमात नेताना नेमके काय नेले जाते, आणि त्याचा न्याय कोणत्या कसोटीवर करावयाचा?

प्रथम शब्दाविषयी. मराठीत 'मोझेक' म्हटले की डोळ्यांपुढे येते ती घरातील ठिपक्याठिपक्यांची फरशी. ह्या अर्थसंकोचात खंत करण्यासारखे काही नाही, कारण जुना संस्कृत शब्द 'कुट्टिम' हाही जमिनीचाच आहे. कुटून, ठोकून पक्की केलेली भूमी असा त्याचा मूलार्थ. मराठी विश्वकोशाने 'कुट्टिमचित्रण' ही संज्ञा स्वीकारली आहे, तीच येथे वापरली आहे. सूक्ष्म कुट्टिम मात्र जमिनीवरून उठून तळहातावर आले आहे, हे लक्षात ठेवावयाचे.

त्याचा उगम रोममध्ये, आणि तोही एका व्यावहारिक अडचणीतून झाला. सेंट पीटर्सच्या भव्य देवालयातील वेदीचित्रे दमट हवेने खराब होत. ती काढून त्यांच्या जागी काचखड्यांच्या प्रती बसवाव्यात, असे ठरले. त्यासाठी १७२७ मध्ये व्हॅटिकनची कायम कर्मशाळा स्थापन झाली. राफाएलच्या 'ट्रान्सफिगरेशन' ह्या चित्राची तेथील प्रत १७६७ मध्ये पूर्ण झाली. तैलचित्राशी स्पर्धा करावयाची तर चमकणारी काच कामाची नाही, म्हणून आलेस्सिओ मात्तिओली ह्याने अपारदर्शक, मंद पोताची काच हरतऱ्हेच्या छटांत तयार केली. एकदा छटांचा हा साठा हाती आल्यावर आकार लहान करण्याचेच काय ते बाकी उरले होते. जाकोमो राफाएल्ली ह्याने १७७५ च्या सुमारास ते साधले. वितळलेली काच ओढून तिची दोऱ्यासारखी कांडी करावयाची, कांडीचे बारीक तुकडे तोडावयाचे, तांब्याच्या किंवा दगडाच्या उथळ तबकात सावकाश वाळणारे लुकण भरून त्यात ते तुकडे चिमट्याने एकेक करून उभे रोवावयाचे, फटींत रंगीत मेण भरावयाचे आणि शेवटी सारा पृष्ठभाग घासून आरशासारखा सपाट करावयाचा, अशी ही रीत. चांगल्या कामात एका चौरस इंचात चौदाशेहून अधिक खडे असतात. रोम पाहावयास आलेले धनिक प्रवासी ही चित्रे आठवण म्हणून घेऊन जात. म्हणून तिव्होलीचा धबधबा, कोलोसियम, जुन्या रोमचे भग्न चौक हे विषय पुन्हापुन्हा येतात.

ह्या चित्रांविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात एकच प्रशंसा सर्वत्र आढळते : जवळून पाहिल्यावाचून हे रंगविलेले नाही हे कळत नाही. महाराष्ट्रातील रांगोळी-प्रदर्शनांतही व्यक्तिचित्रापुढे उभा राहिलेला प्रेक्षक 'अगदी फोटोच' असे म्हणून पुढे सरकतो, तो हाच न्याय. परंतु ही प्रशंसा नीट तपासली तर ती कलाकृतीविषयी काहीच सांगत नाही. खड्यांनी खडे असल्याचे लपविले, एवढेच ती सांगते. एखाद्या भाषांतराविषयी 'हे भाषांतर वाटतच नाही' एवढेच म्हणून थांबणाऱ्या समीक्षकाने मूळ संहिता उघडलेलीच नसते, असा संशय येतो.

रोमान याकॉब्सन ह्याने १९५९ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात भाषांतराचे तीन प्रकार मानले आणि एका चिन्हव्यवस्थेतून दुसऱ्या चिन्हव्यवस्थेत होणारे संक्रमण हा त्यांतील तिसरा प्रकार गणला. त्याच निबंधातील दुसरे विधान येथे अधिक उपयोगी आहे. भाषाभाषांतील खरा भेद त्या काय सांगू शकतात ह्यात नसून त्यांना काय सांगितल्यावाचून गत्यंतर नसते ह्यात आहे, असे तो म्हणतो. मराठी भाषांतरकाराला ह्याचा अनुभव पावलोपावली येतो. इंग्रजीतील 'वुई' हे सर्वनाम मराठीत आणताना 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावेच लागते. ऐकणारा त्या समूहात आहे की बाहेर, हे मूळ लेखकाने सांगितलेले नसते. त्याच्या मनातही नसेल. मराठी वाक्य मात्र ते सांगितल्याखेरीज पुरे होत नाही. 'अंकल' आला की काका, मामा, मावसा ह्यांतून एक निवडावा लागतो आणि निवड करताच कुटुंबाचा सारा नकाशा उभा राहतो. मुळात नसलेली ही माहिती भाषांतरकाराच्या पदरची असते, आणि तो बेइमान असल्यामुळे नव्हे, तर भाषेच्या सक्तीमुळे ती तेथे येते.

कुट्टिमचित्राच्या माध्यमातही अशी सक्ती आहे, आणि निसर्गचित्रात ती सर्वाधिक उघडी पडते. खडे ओळीने बसवावे लागतात. ओळीला दिशा असते. इटालियन कारागीर तिला जे नाव देतात त्याचा अर्थ 'चाल' असा करता येईल. माणसाच्या मुद्रेत ही चाल गालाच्या, कपाळाच्या गोलाईबरोबर फिरते. आकारच तिला वाट दाखवितो. पण आकाशाचे काय? क्लोद लोऱ्याँ ह्याचे एखादे निसर्गचित्र घ्यावे. ह्या चित्रकाराचे बहुतेक आयुष्य रोममध्येच गेले, आणि त्याच्या चित्रांतील क्षितिजालगतचा उजेड कोठे सुरू होतो व कोठे विरतो हे सांगता येत नाही. कुंचल्याने एकात एक मिसळलेल्या त्या आकाशाला दिशाच नसते. ते काचेत उतरविणाऱ्याला मात्र पहिला खडा रोवतानाच दिशा निवडावी लागते : ओळी क्षितिजाला समांतर न्यावयाच्या, सूर्याभोवती वर्तुळाकार न्यावयाच्या, की ढगांच्या कडांना धरून वळवावयाच्या? समांतर नेल्या तर आकाश स्तब्ध होते, वर्तुळाकार नेल्या तर सूर्य केंद्रस्थानी येतो, ढगांबरोबर नेल्या तर वारा सुटतो. ह्यांपैकी काहीही मूळ चित्रकाराने सांगितलेले नसते. हे कुट्टिमाचे 'आम्ही' आणि 'आपण' होय. प्रतिकृतीची समीक्षा करावयाची तर ती येथे करावयास हवी. ह्या कारागिराने आकाशाला कोणती दिशा दिली व का दिली, हा तिचा पहिला प्रश्न असावयास हवा.

ह्या दृष्टीने पाहता सूक्ष्म कुट्टिमाची सारी तांत्रिक प्रगती ही ह्याच प्रश्नापासून काढलेली पळवाट आहे, असे म्हणणे भाग पडते. खडा जितका लहान तितकी ओळ अदृश्य, आणि ओळ अदृश्य झाली की निवड केली होती हेही अदृश्य. आंतोनिओ आग्वात्ती ह्याने तर एकाच कांडीत अनेक छटा मिसळण्याची युक्ती काढली. एकेका खड्यातच रंगाचा उतार आला आणि पानाची किंवा लाटेची कड दोन खड्यांच्या सीमेवर अवलंबून राहिली नाही. कौशल्य म्हणून हे थक्क करणारे आहे ह्यात शंका नाही.

छटांच्या विपुलतेविषयीही हेच म्हणता येते. भाषेतील वर्ण थोडे असतात, काही डझनांच्या आतबाहेर. त्यांना स्वतःचा अर्थ नसतो, आणि म्हणूनच त्यांच्या जुळणीतून अमर्याद शब्द निघतात. रावेन्ना येथील पाचव्या-सहाव्या शतकांतील कुट्टिमांचे खडे ह्या वर्णांसारखे आहेत. रंग मोजके, खडे ठळक, आणि ते मुद्दाम किंचित तिरपे रोवलेले, त्यामुळे उजेड हलला की भिंत हलते. हिरव्याशेजारी निळा आणि त्यात एखादा सोनेरी ठेवला की पाहणाऱ्याचा डोळा कुरण घडवितो. व्हॅटिकनच्या कोठारात हजारो छटांच्या काचा साठविल्या गेल्या, तेव्हा प्रत्येक छटेसाठी स्वतंत्र खडा मिळू लागला. म्हणजे प्रत्येक वस्तूला एकेक वेगळा वर्ण असलेली भाषा तयार झाली. अशा भाषेत कोशाला अंत नसतो आणि व्याकरणाची गरज नसते. डोळ्याला करावयाचे काही उरत नाही. पृष्ठभाग घासून सपाट केल्यामुळे उजेडाचा खेळही गेला. इतक्या सामग्रीनिशी काम करणाऱ्या रोमन कारागिरांची उत्तम निसर्गदृश्ये जेथे सामग्री अपुरी पडली तेथेच जिवंत झाली आहेत, हे मत कोणाला टोकाचे वाटेल. पण धबधब्याचे पाणी पाहिले की ते पटू लागते. उसळत्या फेसाला कोणतीही कांडी पुरत नाही. तेथे पांढऱ्या-करड्या खड्यांच्या ओळी उघडपणे खाली कोसळू द्याव्या लागतात, आणि तेवढ्या पट्ट्यात काच काच राहून पाणी होते.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा नजरेआड होते. रोमच्या दृश्यांसाठी कारागीर पुष्कळदा पिरानेसीसारख्यांच्या मुद्राचित्रांचा आधार घेत. मुद्राचित्र काळ्या रेषांचे. त्यात आकाश किती निळे हे लिहिलेले नसते. अशा प्रतिकृतीत रंग सर्वस्वी कारागिराचा असतो. तरीही कौतुक होते ते मूळ दृश्याबरहुकूम असल्याचे! हे मूळ म्हणजे मुद्राचित्र, की प्रत्यक्ष रोम, की प्रवाशाच्या मनातील रोम, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे सोपे जात नाही.

आधुनिक काळात कुट्टिम करणाऱ्यांची आवड क्लोदकडून व्हॅन गॉखकडे वळली आहे. १८८९ मधील 'तारांकित रात्र' ह्या चित्राच्या काचेतील प्रती अनेकांनी केल्या. ह्याचे कारण केवळ लोकप्रियता नव्हे. व्हॅन गॉखच्या आकाशाला दिशा आहे. त्याचा प्रत्येक फटकारा सुटा, लांबट आणि वळणारा आहे. म्हणजे मूळ चित्रच जवळजवळ कुट्टिमाच्या व्याकरणात लिहिलेले आहे. हिंदीतून मराठीत यावे तसे येथे भाषांतर आपसूक होते, आणि अशा भाषांतराचे जे दोष तेच येथेही उतरतात. भाषांतरकार वाक्यरचना तशीच ठेवतो आणि सारखा दिसणारा शब्द सारख्याच अर्थाचा आहे असे धरून चालतो. कुंचल्याच्या फटकाऱ्यात हाताचा वेग असतो. काचखड्यांची ओळ कितीही वळली तरी ती एकेक करून, दिवसचे दिवस रोवलेली असते. वेगाचे चिन्ह आले, वेग आला नाही. क्लोदची प्रत करणाऱ्याला निदान आपण काही ठरवीत आहो ह्याची जाणीव असते.

येथे एक आक्षेप येईल. प्रतिकृतीचे काम मूळ चित्र टिकविण्याचे; तिच्याकडे स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहावयाचेच कशाला? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर अजिंठ्याच्या अनुभवाशिवाय देता येत नाही. १८६६ आणि १८८५ ह्या दोन आगींनंतर, कॅनव्हासाऐवजी काच असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. असा प्रयोग दुसऱ्या एका झिजत्या भिंतीच्या बाबतीत झालेलाही आहे. लिओनार्दोचे 'अंतिम भोजन' हे मिलानमधील भित्तिचित्र त्याच्या हयातीतच पोपडे धरू लागले होते. नेपोलियनच्या राजवटीत त्याच राफाएल्लीकडे, म्हणजे सूक्ष्म कुट्टिमाच्या जनकाकडे, त्याची मूळ आकाराची कुट्टिमप्रत करण्याचे काम आले. ती आज व्हिएन्नाच्या मिनोरिटेन चर्चमध्ये आहे. तिला दमट हवेची भीती नाही, तिचे रंग उडणार नाहीत. परंतु राफाएल्लीपुढे जी भिंत होती तिच्यावरील कित्येक भाग दिसेनासे झालेले होते. त्याने जुसेप्पे बोस्सी ह्या चित्रकाराने केलेल्या प्रतीचा आधार घेतला, आणि बोस्सीने इतर जुन्या नकलांचा. परिणामी व्हिएन्नातील भिंतीवर सारे काही पूर्ण, स्वच्छ आणि निःशंक आहे. कोणते बोट लिओनार्दोचे, कोणते बोस्सीचे आणि कोणते निव्वळ तर्काचे, हे काच सांगत नाही.

मराठीत ह्यासाठी एक लहानसा शब्द आहे : 'म्हणे'. 'तो काल पहूरला आला' आणि 'तो काल पहूरला आला म्हणे' ह्या दोन वाक्यांत घटना एकच आहे. दुसऱ्यात बोलणाऱ्याने आपण ती पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, एवढे कबूल केले आहे. जगातील अनेक भाषांत ज्ञानाचे उगमस्थान दाखविणारी अशी साधने असतात व काहींत ती क्रियापदाला सक्तीने जोडावी लागतात. राफाएल्लीच्या काचेत 'म्हणे' नाही. पाहिलेले आणि ऐकलेले तेथे सारख्याच चमकदार, सारख्याच टिकाऊ खड्यांत बसविले आहे. टिकाऊपणा हा येथे गुण न राहता अडचण झाला आहे, कारण तर्क मूळ चित्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक काळ, टिकणार आहे.

चित्रात 'म्हणे' म्हणण्याची सोय होऊ शकते हे रोमनेच पुढे दाखवून दिले. १९३९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या केंद्रीय पुनःस्थापन संस्थेत चेझारे ब्रांदी ह्याच्या मार्गदर्शनाखाली एक पद्धत रूढ झाली. चित्राचा गेलेला भाग भरावयाचा, पण बारीक, उभ्या, एकमेकींशेजारी ओढलेल्या रेषांनी. दुरून पाहिले असता त्या रेषा मिसळून चित्र अखंड भासते. जवळ गेले की भरलेला भाग कोणता हे स्पष्ट दिसते. नवल हे की, दृष्टीची युक्ती तीच आहे जी सूक्ष्म कुट्टिमात आहे. सुटे घटक, दुरून एकरूप. फरक हेतूचा आहे. एकाने घटक लहान केला तो दिसू नये म्हणून, दुसऱ्याने तो उभ्या दिशेत बांधला तो ओळखता यावा म्हणून. मूळ चित्रात सहसा नसलेली ती उभी दिशाच येथे साक्ष देते.

ह्या प्रकाशात अजिंठ्याच्या प्रतींकडे पुन्हा पाहिले पाहिजे. ग्रिफिथ्सच्या हातून मूळ चित्रांचे नुकसानही झाले. रंग उठून दिसावेत म्हणून चढविलेले वार्निश पुढे काळवंडले आणि निजामाच्या राजवटीत बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सीनी ह्या इटालियन तज्ज्ञांना १९२० ते १९२२ च्या दरम्यान भिंतींच्या स्वच्छतेचे काम करावे लागले. प्रत करण्यासाठी मुळावरच लेप चढवावा, ह्याहून विचित्र भाषांतरपद्धती शोधून सापडणार नाही. तथापि त्यांच्या पटांत एक मोठा गुण आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना मिळालेले दिसत नाही. भिंतीवरचा जो भाग पडला होता तो कित्येक पटांत पडलेलाच रंगविलेला आहे. आकृती मध्येच तुटते, तेथे करडा-तपकिरी डाग येतो, आणि पलीकडे पुन्हा एखादा हात किंवा झाडाची फांदी सुरू होते. १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडांतील चित्रपत्रे पाहणाऱ्याला हे तुटलेपण प्रथम खटकते.

अजिंठ्याच्या चित्रकारांचे स्वतःचे निसर्गदर्शनही येथे आठवावे. तेथील खडक जसेच्या तसे काढलेले नाहीत. घडीव विटा तिरप्या रचाव्यात तशा चौकोनी ठोकळ्यांनी ते सुचविले आहेत. मागच्या डोंगरातील काळ्या पाषाणाचे थर ज्याने पाहिले आहेत त्याला ह्या ठोकळ्यांत नक्कल दिसत नाही, एक व्याकरण दिसते. कुट्टिम करणाऱ्याच्या हाती ह्याहून सोयीचा विषय क्वचितच लागेल, कारण येथे खडक आधीच खंडांत लिहिलेला आहे. आणि व्हॅन गॉखच्या बाबतीत सांगितलेला धोका म्हणूनच येथेही तितकाच आहे. फर्दापूरजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यागत केंद्रात लेणी क्रमांक १, २, १६ व १७ ह्यांच्या प्रतिकृती उभारण्यात आल्या. म्हणजे प्रतिकृतीचा प्रश्न लंडनहून परत वाघूरकाठी आला आहे. अशा प्रत्येक प्रतीपुढे उभे राहताना, ती कॅनव्हासाची असो, गिलाव्याची असो वा काचेची, हुबेहूबपणाची मोजदाद बाजूस ठेवून दोन गोष्टी पाहाव्या लागतील : माध्यमाने सक्ती केली तेथे प्रत करणाऱ्याने काय निवडले, आणि भिंतीवर जेथे काही उरलेले नव्हते तेथे त्याने काय केले. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी त्या दुसऱ्या ठिकाणी करडा रंग भरला. त्या करड्या डागाची कड कोठून जाते हे आज भिंतीशी ताडून पाहता येते, आणि १८८५ नंतर भिंत आणखी किती गेली ह्याचा हिशेब तेथूनच मांडावा लागतो.